बैजिक भूमितीचे उपासक प्रा. शेषाद्री

मुंबईत कुलाब्याच्या दक्षिण टोकाला, नेव्हीनगरच्या वस्तीपलीकडे समुद्राला लागून टाटा मूलभूत संशोधन संस्थेची वास्तू उभी आहे. या संस्थेचे नाव निघाले की सामान्य वाचकाच्या मनात डॉ. होमी भाभांची आठवण जागी होते आणि त्यापाठोपाठ अणुशक्ती, विश्वकिरण, संगणक अशी चित्रे उभी राहतात. याच संस्थेत गणिताचाही एक विभाग आहे, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही. गणिताला प्रयोगशाळा लागत नाही, यंत्रसामग्री लागत नाही आणि त्याच्या यशाची छायाचित्रेही काढता येत नाहीत. तथापि भारतात स्वातंत्र्योत्तर काळात झालेल्या मूलभूत संशोधनापैकी जे जगभरच्या विद्यापीठांतून आजही शिकविले जाते, त्यातील एक महत्त्वाचे प्रमेय याच विभागात सिद्ध झाले. १९६५ साली प्रसिद्ध झालेले हे प्रमेय 'नरसिंहन्-शेषाद्री प्रमेय' या नावाने ओळखले जाते. त्याच्या दोन कर्त्यांपैकी प्रा. सी. एस. शेषाद्री यांनी आपल्या आयुष्याची तीन दशके मुंबईत घालविली आणि पुढची साडेतीन दशके चेन्नईत. या दोन कालखंडांत त्यांनी केलेले काम दोन प्रकारचे असले तरी त्यामागची निष्ठा एकच होती.

शेषाद्री यांचा जन्म २९ फेब्रुवारी १९३२ रोजी कांचीपुरम् येथे झाला. चार वर्षांतून एकदाच येणारी ही जन्मतिथी. त्या हिशेबाने पाहिले तर हे विख्यात प्रमेय प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांचे अवघे आठ वाढदिवस झाले होते! वडील चेंगलपट्टू येथील नामांकित वकील. अकरा भावंडांत शेषाद्री थोरले. घरात कर्नाटक संगीताचे वातावरण होते आणि ते स्वतः उत्तम गात असत. शालेय शिक्षण चेंगलपट्टूलाच झाले व पुढे मद्रासच्या लोयोला महाविद्यालयातून १९५३ साली ते गणिताचे पदवीधर झाले.

लोयोला महाविद्यालयात त्यांना लाभलेले एक अध्यापक म्हणजे फादर शार्ल रासीन. हे फ्रेंच जेझुइट धर्मगुरू पॅरिसला गणित शिकले होते आणि आंद्रे व्हेय, आंरी कार्तां यांसारख्या नव्या पिढीच्या फ्रेंच गणितज्ञांशी त्यांचा स्नेह होता. त्या काळी आपल्याकडील महाविद्यालयांतून इंग्रजी परीक्षापद्धतीला सोयीचे असे जुने गणित घोकून घेतले जाई. रासीन यांनी विद्यार्थ्यांना त्या चाकोरीबाहेर पाहावयास लावले आणि त्यांतील हुशार मुलांना मुंबईची वाट दाखविली. शेषाद्री आणि त्यांचे सहाध्यायी एम. एस. नरसिंहन् हे दोघेही १९५३ सालीच टाटा संस्थेत संशोधक विद्यार्थी म्हणून दाखल झाले.

मुंबईतील पाठशाळा

संस्था त्या वेळी कुलाब्याच्या आजच्या वास्तूत नव्हती. गेटवे ऑफ इंडियाजवळील जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत तिचा संसार होता. नव्या वास्तूची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते १९५४ साली बसली आणि उद्घाटन १९६२ साली झाले. गणित विभागाशी प्रारंभापासून निगडित असलेले एक नाव मराठी वाचकांच्या विशेष परिचयाचे आहे. ते म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्मलेले हे व्यासंगी विद्वान पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करीत आणि १९६२ पर्यंत संस्थेत होते. परंतु विभागाला पाठशाळेचे रूप दिले ते प्रा. के. चंद्रशेखरन् यांनी. १९४९ साली अमेरिकेतील प्रिन्स्टनहून परत आल्यावर त्यांनी एक साधी पण कठोर पद्धत घालून दिली. जगातील श्रेष्ठ गणितज्ञांना काही आठवड्यांसाठी मुंबईस बोलवावयाचे, त्यांच्याकडून एका विषयावर सलग व्याख्याने घ्यावयाची आणि त्या व्याख्यानांची टिपणे तयार करून छापण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपवावयाचे. लोरां श्वार्त्झ, कार्ल लुडविग झीगेल यांसारखी मंडळी या निमित्ताने मुंबईत येऊन गेली. टिपणे लिहिताना प्रत्येक पायरी विद्यार्थ्याला स्वतः उलगडावी लागे. ज्याला पायरी कळली नाही त्याची लेखणी तेथेच अडे. शिक्षणाची याहून कडक कसोटी दुसरी कोणती असणार?

या पाठशाळेत शेषाद्री तयार झाले. १९५७ साली ते पॅरिसला गेले आणि १९६० पर्यंत तेथे राहिले. दरम्यान १९५८ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. त्या काळचे पॅरिस हे बैजिक भूमितीचे माहेरघर झाले होते. समीकरणांनी व्यक्त होणाऱ्या आकृतींचा अभ्यास म्हणजे बैजिक भूमिती. वर्तुळ, अन्वस्त ही तिची शाळेतील ओळख होय. सेर, शव्हाले, ग्रोथेन्डिक हे गणितज्ञ या जुन्या शास्त्राचा पायाच नव्याने बांधीत होते. त्यांच्यापैकी सेर यांनी १९५५ साली एक प्रश्न विचारला होता. तो थोडक्यात असा.

एखाद्या मैदानाच्या प्रत्येक बिंदूवर एक एक काठी उभी केली आहे अशी कल्पना करावी. मैदान सपाट असेल तर या काठ्यांच्या मांडणीत कोठेही कायमचा पीळ पडू शकत नाही. हळूहळू सरळ करीत गेल्यास सर्व काठ्या एका दिशेला आणता येतात. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन तिची टोके चिकटविली तर मात्र तो पीळ काही केल्या निघत नाही. काठीच्या जागी अधिक मितींचा अवकाश उभा केला तरी विचार तोच राहतो. अशा मांडणीला गणितज्ञ 'सदिश-जुडी' म्हणतात. सपाट अवकाशावर पीळ टिकत नाही हे खरे. पण तो काढताना केवळ बहुपदींचीच हत्यारे वापरावयाची अशी अट घातली तर? सेर यांचा प्रश्न हा होता. शेषाद्री यांनी १९५८ साली दोन चलांच्या बाबतीत उत्तर 'होय' असे असल्याचे सिद्ध केले. सर्व मितींसाठी ते सिद्ध व्हावयास १९७६ साल उजाडावे लागले आणि ते अमेरिकेत क्विलन व सोव्हिएत रशियात सुस्लिन यांनी स्वतंत्रपणे केले. सव्विसाव्या वर्षी या मार्गावरचे पहिले पाऊल शेषाद्री यांनी टाकले होते.

दोन भाषांचा कोश

मुंबईस परतल्यावर नरसिंहन् व शेषाद्री यांनी एकत्र काम सुरू केले. त्यांच्या प्रमेयाचे मर्म समजण्यासाठी 'प्रतिरूपण' या कल्पनेची तोंडओळख करून घेणे आवश्यक आहे.

चौकोनी फरशी काटकोनातून फिरविली तर ती पुन्हा आपल्या जागी चपखल बसते. अशी चार भ्रमणे आणि चार पालट मिळून फरशीला आठ प्रकारे आपल्या जागी बसविता येते. एका क्रियेमागून दुसरी केली की या आठांपैकीच तिसरी मिळते. अशा क्रियांच्या समूहाला 'गट' म्हणतात. आता प्रत्येक क्रियेसाठी संख्यांचे एक कोष्टक, म्हणजे आव्यूह, असे लिहावयाचे की दोन क्रिया एकापाठोपाठ केल्यास त्यांच्या कोष्टकांचा गुणाकार मिळावा. गटाचे असे संख्यांमध्ये केलेले लेखन म्हणजे त्याचे प्रतिरूपण. गट हा अमूर्त असतो. त्याच्याशी प्रत्यक्ष हिशेब करावयाचा तर प्रतिरूपणाशिवाय तरणोपाय नाही.

आता मेदुवड्याचा पृष्ठभाग डोळ्यांसमोर आणावा. त्याला एक भोक असते. अशी दोन किंवा अधिक भोके असलेले पृष्ठ घ्यावयाचे आणि त्यावरील एका बिंदूपासून निघून पुन्हा तेथेच येणाऱ्या फेऱ्यांचा विचार करावयाचा. भोकाला वळसा घालून आलेली फेरी आकसून बिंदूएवढी करता येत नाही. या फेऱ्याही एकामागून एक केल्या असता गट तयार होतो. प्रत्येक बिंदूवर एक अवकाश उभा केला आहे आणि त्यातील एक बाण हाती धरून, वाटेत कोठेही न वळविता, आपण फेरी मारून आलो असे समजू. परत आल्यावर तो बाण मूळच्या दिशेपेक्षा वळलेला असू शकेल. कोणत्या फेरीत किती व कसा वळला याची नोंद म्हणजे फेऱ्यांच्या गटाचे प्रतिरूपण. बाणाची लांबी कधीच बदलत नसेल तर त्या प्रतिरूपणाला 'एकात्मिक' म्हणतात आणि त्याचे लहान तुकडे पडत नसतील तर 'अविभाज्य'. ही झाली एक भाषा. ती फेऱ्यांची व भ्रमणांची आहे.

दुसरी भाषा समीकरणांची. १९६२ च्या सुमारास अमेरिकन गणितज्ञ डेव्हिड मम्फर्ड यांनी अशा पृष्ठांवरील सदिश-जुड्यांचे वर्गीकरण करावयास घेतले. सर्वच जुड्या एका नकाशात बसविता येत नाहीत. काही इतक्या बेताल असतात की त्या नकाशाच बिघडवून टाकतात. म्हणून त्यांनी 'स्थिर' जुडीची व्याख्या केली. प्रत्येक जुडीला तिच्या एकूण पिळाची एक पूर्णांक संख्या असते. तिला मितींच्या संख्येने भागले की सरासरी पीळ मिळतो. जुडीच्या पोटात असलेल्या कोणत्याही लहान जुडीचा सरासरी पीळ संपूर्ण जुडीच्या सरासरीहून कमीच असेल, तर ती जुडी स्थिर. एखाद्या संस्थेतील कोणताही गट संपूर्ण संस्थेहून वजनदार होऊ नये, असाच काहीसा हा नियम आहे.

मम्फर्ड यांच्या व्याख्येत ना फेऱ्या आहेत ना बाण. तरीही नरसिंहन् व शेषाद्री यांनी सिद्ध केले की एकूण पीळ शून्य असलेली जुडी स्थिर असते ती नेमकी तेव्हाच, जेव्हा ती फेऱ्यांच्या गटाच्या एखाद्या अविभाज्य एकात्मिक प्रतिरूपणापासून निर्माण झालेली असते. पीळ शून्य नसेल तर थोडा फरक करून हेच विधान लागू पडते. आंद्रे व्हेय यांनी १९३८ साली या दिशेने एक निबंध लिहिला होता. परंतु स्थिरतेची कल्पना तेव्हा जन्मालाच आलेली नव्हती. त्यामुळे दुव्याचे दुसरे टोक हाती लागले नव्हते.

दोन निरनिराळ्या भाषांतील शब्द एकास एक जुळावेत असा हा कोश आहे. त्याचा लाभ उघड आहे. एका भाषेत अवघड असलेला प्रश्न दुसऱ्या भाषेत मांडावा आणि उत्तर परत पहिल्या भाषेत आणावे. 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' या प्रिन्स्टनच्या नियतकालिकात हा निबंध १९६५ साली आला तेव्हा दोघेही तेहतीस वर्षांचे होते. दोनच वर्षांनी शेषाद्री यांनी एकट्याने त्याचा पुढचा भाग लिहिला. स्थिर जुड्यांचा नकाशा कडेला अपुरा राहतो. जेमतेम स्थिर असलेल्या जुड्यांना त्यात कसे सामावून घ्यावे व कोणत्या दोन जुड्या तेथे एकच मानाव्यात याचा नियम त्यांनी घालून दिला. त्या नियमाला आज 'एस-समतुल्यता' म्हणतात. त्यातील 'एस' हे अक्षर शेषाद्री यांच्या नावाचे आहे.

या प्रमेयाचे खरे मोल कळावयास आणखी दीड तप जावे लागले. १९८० नंतर असे दिसून आले की मूलकणांच्या बलांचे वर्णन करणारी, भौतिकशास्त्रातील यांग-मिल्स समीकरणे याच विषयाला येऊन भिडतात. १९८३ साली अतिया व बॉट यांनी या दृष्टीने जुड्यांच्या नकाशाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी सायमन डोनल्डसन या तरुण ब्रिटिश गणितज्ञाने नरसिंहन्-शेषाद्री प्रमेयाची सर्वस्वी नवी सिद्धता दिली. मुंबईत काढलेला निष्कर्ष केवळ दोन गणिती शाखांना जोडीत नव्हता, तर त्यात भौतिकशास्त्राचाही धागा गुंफलेला होता.

वीस की एकवीस?

शेषाद्री यांचे दुसरे मोठे कार्य 'प्रमाण एकपदी सिद्धांत' या नावाने ओळखले जाते. त्याचे एक लहानसे उदाहरण पाहिल्यास त्याची गोडी कळेल. चार मितींच्या अवकाशात आरंभबिंदूतून जाणारी सर्व प्रतले घेतली तर प्रत्येक प्रतल सहा संख्यांनी ओळखता येते. त्यांना १२, १३, १४, २३, २४ व ३४ अशा जोड्यांची नावे देतात. या सहा संख्यांमधून दोन दोन घेऊन गुणाकार केले तर एकवीस गुणाकार मिळतात. परंतु या संख्या एकमेकींपासून सर्वस्वी स्वतंत्र नसतात. त्यांच्यात एक समीकरण असते: १२ व ३४ यांच्या गुणाकारातून १३ व २४ यांचा गुणाकार वजा करून १४ व २३ यांचा गुणाकार मिळविला की शून्य येते. म्हणजे एकविसांपैकी एक गुणाकार अनावश्यक ठरला. तो कोणता वगळावयाचा? १४ व २३ या जोड्या एकीखाली एक लिहिल्या तर पहिला अंक वाढतो पण दुसरा घटतो. बाकीच्या गुणाकारांत असे होत नाही. तेव्हा हाच वगळला आणि उरलेले वीस 'प्रमाण' मानले. आता गंमत अशी की चार मितींच्या रेषीय रूपांतरांच्या गटाच्या एका महत्त्वाच्या प्रतिरूपणाची मिती नेमकी वीस आहे. अंकांची शिस्तशीर मांडणी केली की प्रतिरूपणाचे माप आपोआप हाती येते.

अशा अंककोष्टकांचा अभ्यास प्रथम आल्फ्रेड यंग या इंग्रज पाद्र्याने केला आणि १९४० नंतर हॉज यांनी तो भूमितीशी जोडला. परंतु तो एकाच कुळातील गटांपुरता मर्यादित होता. १९७० नंतर शेषाद्री यांनी आपले विद्यार्थी सी. मुसिली व व्ही. लक्ष्मीबाई यांच्यासह तो इतर कुळांतील गटांना लागू करण्याचे काम हाती घेतले. निबंधांची एक मालिकाच त्यातून निर्माण झाली. शेवटी लक्ष्मीबाई व शेषाद्री यांनी जी अटकळ बांधली, तिच्यावरून जर्मन गणितज्ञ पेटर लिटलमन यांनी १९९० नंतरच्या दशकात वाटांच्या साहाय्याने प्रतिरूपणे मोजण्याची सर्वसाधारण पद्धत शोधून काढली. त्या वाटांना 'लक्ष्मीबाई-शेषाद्री वाटा' असेच नाव आहे.

शेषाद्री यांच्या मुंबईतील काळात हा विभाग जगाच्या नकाशावर आला होता. १९६८ च्या जानेवारीत येथे भरलेल्या बैजिक भूमितीच्या आंतरराष्ट्रीय परिसंवादाला ग्रोथेन्डिक आणि मम्फर्ड आले होते. मम्फर्ड यांचा एक प्रमाणभूत ग्रंथ तर त्यांनी मुंबईत दिलेल्या व्याख्यानांतूनच तयार झाला. हुशार तरुणाने विलायतेची वाट धरावी, हा त्या काळचा रिवाज होता व त्यात गैर काहीच नव्हते. श्रीराम अभ्यंकरांसारखा बैजिक भूमितीतील श्रेष्ठ गणिती मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९५१ साली पदवीधर होऊन हार्वर्डला गेला आणि अमेरिकेतच प्राध्यापक झाला. अर्थात त्यांनीही पुण्यात १९७६ साली भास्कराचार्य प्रतिष्ठानाची स्थापना करून येथील ऋण फेडले. शेषाद्री यांची निवड मात्र भारतात राहूनच काम करण्याची होती. १९७२ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले व १९८८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले.

पदवीची अडचण

१९८४ साली शेषाद्री मुंबई सोडून मद्रासच्या गणितीय विज्ञान संस्थेत गेले. तेथून १९८९ साली स्पिक विज्ञान प्रतिष्ठानाच्या आश्रयाने त्यांनी गणिताचे एक छोटेसे विद्यालय सुरू केले. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, एका खाजगी उद्योगाच्या देणगीवर विसंबून, मूठभर अध्यापकांसह नवी संस्था उभारणे हे धाडसच होते. आपल्या देशात संशोधन एकीकडे आणि पदवीचे शिक्षण दुसरीकडे, अशी फारकत झाली आहे. संशोधन करणारे शिकवीत नाहीत व शिकविणाऱ्यांना संशोधनाला सवड नसते. बारावी होऊन आलेल्या मुलाला प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्या माणसाने शिकवावे, असा शेषाद्री यांचा आग्रह होता.

१९९८ साली संस्थेत गणित व संगणकशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. परंतु संस्था विद्यापीठ नव्हती आणि म्हणून तिला पदवी देण्याचा अधिकार नव्हता. शिक्षण उत्तम, पण पदवी कोणाची, हा प्रश्न आपल्या समाजात लहान नाही. मुलाला अशा ठिकाणी घालावयाचे म्हटल्यावर आईबापांना तो पहिल्याने पडतो. यातून वाट निघाली ती मध्य प्रदेशातील भोज मुक्त विद्यापीठाच्या सहकार्याने. चेन्नईत शिकणाऱ्या मुलांना पदवी मिळे ती भोपाळच्या विद्यापीठाची! अणुऊर्जा खात्याचे साहाय्य मिळत गेले, २००५ साली संस्था शहराबाहेर सिरुसेरी येथील स्वतःच्या जागेत गेली आणि २००६ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पहिल्या पदवी-वर्गापासून या दर्जापर्यंत आठ वर्षे गेली. चेन्नई गणितीय संस्था या नावाने ती आज ओळखली जाते. शेषाद्री यांच्यानंतर तिचे संचालकपद सांख्यिकीतज्ज्ञ राजीव करंदीकर यांनी सांभाळले.

२००९ साली पद्मभूषण मिळाल्यानंतरही आणि संचालकपद सोडल्यानंतरही शेषाद्री यांचे संशोधन थांबले नाही. १९८० साली त्यांनी मुंबईतील सहकारी विक्रम मेहता यांच्याबरोबर भोसके पाडलेल्या पृष्ठांवरील जुड्यांचा विचार केला होता. १९६५ च्या प्रमेयाचाच तो विस्तार होता. तोच धागा पुढे नेणारा, विक्रमन बालाजी यांच्या समवेत लिहिलेला त्यांचा निबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी ते त्र्याऐंशी वर्षांचे होते. १७ जुलै २०२० रोजी चेन्नई येथे त्यांचे निधन झाले. लोयोला महाविद्यालयापासूनचे त्यांचे सहकारी नरसिंहन् त्यानंतर दहा महिन्यांनी, १५ मे २०२१ रोजी, कालवश झाले.